आढाव सिस्टरांची घमेली

नवा माणूस समोर आला की आढाव सिस्टर आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. चेहऱ्याची पाळी नंतर.

आम्ही नेरूळला राहायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. टेम्पोतून सामान उतरत होतं. मी एका हातात देव्हारा आणि दुसऱ्या कडेवर तीन वर्षांची मीनल अशी जिन्याशी उभी होते. तळमजल्याच्या दारात एक उंच, वाळक्या अंगाची बाई उभी होती. फिकट राखी रंगाची सुती साडी, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, गळ्यात काही नाही. ती माझ्या पावलांकडे रोखून बघत होती.

"डाव्या टाचेला फोड आलाय," त्या म्हणाल्या. "दुखतोय का?"

"हो. चप्पल नवीन आहे."

"दुखतोय ना? मग चांगलंय." आणि दार लोटून आत गेल्या.

शेजार असा मिळाला म्हणून मी संध्याकाळी नवऱ्यापाशी कुरकुर केली. त्या बोलण्याचा अर्थ मला कळायला दोन वर्षं गेली.

सरला आढाव हे त्यांचं नाव. गाव नगर जिल्ह्यातलं. तिकडच्याच एका मिशनच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात केली. लग्न केलं नव्हतं. भाच्यानं नेरूळला वन रूम किचन घेतलं आणि लगेच नोकरीसाठी आखातात गेला, म्हणून घर सांभाळायला मावशीला आणून ठेवलं. त्या वेळी आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या इमारती रिकाम्या होत्या. दुपारी वारा सुटला की सारसोळ्याच्या बाजूनं वाळत्या मासळीचा वास यायचा आणि त्यापाठोपाठ जिन्यातून सिस्टरांच्या बिनसाखरेच्या चहाचा.

त्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या. कुणी कुणाला 'बिचारा' म्हटलेलं त्यांना खपत नसे. रस्त्यावरच्या एखाद्या माणसाबद्दल मी सहज तसं बोलले की त्या विचारायच्या, "त्याचं नाव काय?" मला ठाऊक नसायचं. "मग बिचारा कशावरून ठरवलंस?" असं म्हणून त्या कामाला लागायच्या. रविवारी बसनं वाशीला चर्चला जायच्या, तेव्हा बायबल एका धुतलेल्या फडक्यात बांधलेलं असे. मला त्यांनी त्यातली एक ओळही कधी वाचून दाखवली नाही. मी बेलापूरच्या ऑफिसातून येईपर्यंत मीनल त्यांच्याकडे असायची. तिला पाढे त्यांनी शिकवले, आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायची सवयही त्यांनीच लावली.

एका रविवारी चर्चहून परत येताना तुर्भ्याच्या मार्केटपाशी त्यांची बस थांबली. खिडकीतून त्यांनी एक हमाल पाहिला. पाठीवर पोतं घेऊन तो एक पाय आपटत, फेकल्यासारखा टाकत चालला होता. ती चाल सिस्टरांच्या वॉर्डातली ओळखीची. त्या तिथंच उतरल्या. तो माणूस गर्दीत हरवला, सापडला नाही. पण गाळ्यांमधून फिरताना त्यांनी बाकीच्यांचे पाय पाहिले. भेगा इतक्या खोल की त्यात तूरडाळीचा दाणा बसावा.

त्या आठवड्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळची माल उतरवायची घाई सरली की, त्या मार्केटच्या मागच्या शेडमध्ये जाऊन बसू लागल्या. बरोबर तीन घमेली, एक वज्री, खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. एका घमेल्यात पाय भिजवायचे, दुसऱ्यात साबणानं धुवायचे, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. मग वज्रीनं मेलेलं कातडं खरवडायचं आणि ओल्या पायालाच तेल चोळायचं.

पहिले दोन आठवडे कुणी आलं नाही. येणार तरी कसं? ही सगळी साताऱ्याकडची, घाटावरची माणसं. आईच्या वयाची बाई खाली बसून आपले पाय धरणार, या कल्पनेनंच ती मागे सरत. म्हणून सिस्टरांनी स्वतःचेच पाय घमेल्यात बुडवले आणि तासभर तशाच बसून राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारा हमाल समोर येऊन उभा राहिला.

"शिष्टर, पाय नका धरू माजं. पाप लागंल मला."

"पाय कोण धरतंय तुझे? मी भेग धरतेय. बस."

तो बसला. मग दुसरा आला, आणि पुढे शेडच्या बाहेर रांग लागायला लागली.

मला हे सगळं त्यांच्याकडूनच तुटक तुटक कळायचं. एका शुक्रवारी ऑफिसला सुट्टी होती, तेव्हा त्यांनी मला घमेली उचलायला बरोबर नेलं. शिवरामला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

शिवराम पाटण तालुक्यातला, तिशी ओलांडलेला, खांद्यानं बैलासारखा. तो आपणहून आला नव्हता. दोघांनी त्याला दंडाला धरून आणलं होतं, कारण गाळ्यातल्या फरशीवर तो जाईल तिथं रक्ताचे ठसे उमटत होते. त्याला मात्र काही पत्ता नव्हता. "काय न्हाई वो, कुटंतरी कापलं आसंल," तो हसून म्हणत होता.

सिस्टरांनी त्याची रबरी चप्पल काढायला हात घातला. चप्पल निघेना. त्यांनी पाय उचलून खालून पाहिलं. चपलेच्या तळातून एक लांब खिळा वर गेला होता आणि तो त्याच्या तळव्यात रुतला होता. पहाटेपासून असावा, कारण कडेचं रक्त सुकून काळं पडलं होतं. त्या खिळ्यावर उभा राहून त्यानं सकाळभर पोती वाहिली होती.

खिळा काढताना शिवराम शेडच्या छपरावरची कबुतरं बघत होता. मी तोंड फिरवलं. सिस्टरांनी जखम धुतली, बांधली, आणि मग पिशवीतून बॉलपेन काढलं.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. "मी पेनाचं टोक लावीन. जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं."

शिवरामनं डोळे मिटले. सिस्टरांनी पेन त्याच्या घोट्यापाशी टेकवलं, मग पावलाच्या वर, करंगळीला, तळव्याच्या कडेला. नडगीवर एक फिकट, तांबूस चट्टा होता, त्याच्या मधोमधही टेकवलं. शिवरामचं बोट हवेत तसंच थांबलेलं.

थोड्या वेळानं तो डोळे मिटूनच म्हणाला, "टोचा की शिष्टर. मी तयार हाय."

सिस्टरांनी पेनाला टोपण लावलं. "उघड डोळे," त्या म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "वसुधा, दोन चहा सांग. याच्यात साखर जास्त."

दुखण्याला त्या चांगलं का म्हणायच्या, ते मला तिथं, त्या शेडमध्ये कळलं.

रोगाचं नाव सिस्टरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं; मी घमेली उचलत जवळच होते. औषध आहे, सरकारी दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं मिळतात, नेमानं घेतल्यास पूर्ण बरा होशील, पहिल्या गोळ्यांनंतर थोड्याच दिवसांत तुझ्यापासून कुणाला लागणही होणार नाही, असं सगळं सांगितलं. त्यानं एवढंच ऐकलं की नाव तेच आहे. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, पण अशी गोष्ट लपत नाही. दोन दिवसांत त्याच्या खोलीतल्या दहा-बारा जणांनी त्याची वळकटी बाहेर ठेवली. पायाची जखम भरेपर्यंत उभं राहायचं नाही, असं सिस्टरांनी त्याला बजावलं होतं, आणि झोपायला तर जागा नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर त्याला रिक्षात घालून आमच्या बिल्डिंगमध्ये घेऊन आल्या. बाहेरच्या खोलीत त्याला खाट दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकली.

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दल आहे, आणि सांगायला जड जातं.

मी शिकलेली होते. शेडमध्ये मी स्वतः सिस्टरांचं बोलणं ऐकलं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून मीनलला दुपारी त्यांच्याकडे पाठवणं मी बंद केलं. "शाळेतल्या मैत्रिणीकडे खेळायला जाते," असं सांगितलं. त्याच आठवड्यात सिस्टरांनी वाटीभर शिरा वर पाठवला. मी तो मोरीत टाकला. वाटी उकळत्या पाण्यानं धुतली, आणि ती आमच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. खाली सिस्टर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं. वाटी पाहिली, मला पाहिलं, आणि चिमटा लावायला पुन्हा वळल्या.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून झाली. चेअरमन देसाई बँकेतले, सभ्य गृहस्थ. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की लहान मुलांची बिल्डिंग आहे, लोकांना टेन्शन येतं, सिस्टरांनी समजून घ्यावं. सिस्टर शेवटच्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी गोळ्यांचं पाकीट सगळ्यांसमोर धरलं आणि रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, हे नर्सिंगच्या मुलींना शिकवावं तसं सांगितलं. मग विचारलं, "कुणाला काही शंका?"

शंका कुणालाच नव्हती. एक गृहस्थ मात्र म्हणाले, "हे सगळं ठीक आहे हो, पण त्याला इथून हलवा."

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते.

"जखम भरायला सहा आठवडे लागतील," सिस्टर म्हणाल्या. "तोवर तो जिथं राहील तिथं मी राहीन. इथं नको असेल तर आम्ही दोघं जातो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.

आठ दिवसांत भाच्याच्या घराला कुलूप लागलं. शिरवणे गावात, कारखान्यांच्या बाजूला, एका आगरी बाईनं त्यांना दोन खोल्या दिल्या. चंद्राबाई तिचं नाव. सिस्टरांनी आधीच सगळं खरं सांगून टाकलं तेव्हा ती म्हणाली होती, "ऱ्हा गो बाय. हिरीला पानी हाय, आनकी काय पायजे? कोन काय बोलला तं मना सांग."

मला तिथं जायला महिना लागला. रोज ऑफिसातून येताना ठरवायचे आणि रोज राहून जायचं. शेवटी एका शनिवारी दुपारी गेले. पुढच्या खोलीत आता तीन खाटा झाल्या होत्या. शिवराम एका खाटेवर पाय उंच ठेवून पडला होता, दुसऱ्या दोघांना मी ओळखत नव्हते. सिस्टर मागच्या पडवीत पट्ट्या उकळत होत्या.

"सिस्टर, त्या वाटीचं मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी मला पाट सरकवला. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "मी वॉर्डात नवी होते तेव्हाची गोष्ट. वीस वर्षांची असेन. एक माणूस आला होता, शेवगावकडचा, भिकाजी नावाचा. बोटं गेलेली. मी त्याला गोळ्या चिमट्यानं द्यायची. हाताला हात लागू नये म्हणून. भाकरीसुद्धा लांबून ताटलीत टाकायची. त्यानं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मला म्हणाला, 'बाई, माझ्या घरचे पण असंच वाढायचे.' आणि उठून गेला. औषध अर्धं टाकून."

"मग?"

"मग काही नाही. परत आला नाही. मी दोन वेळा त्याच्या गावाला जाऊन आले. तिथंही नव्हता." त्यांनी पट्ट्या लाकडानं खाली दाबल्या. "येशूनं आपल्या माणसांचे पाय धुतले, तेव्हा त्यात असाही एकजण होता की जो उठून त्याला पकडून देणार होता. येशूला ते माहीत होतं. त्याचेही धुतले. मी चिमटा धरला होता तरी मला कामावरून कुणी काढलं नाही, वसुधा. काम दिलं. म्हणून करते."

त्यांनी मला माफ केलं की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी उकळलेल्या पट्ट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि त्या पिळून दोरीवर टाकायला सांगितल्या. त्यानंतर मी दर शनिवारी जाऊ लागले. मीनललाही नेऊ लागले.

शिवरामची बायको हौसा गावाकडून आली तो दिवसही शनिवारच होता. सिस्टरांनी पत्र लिहून तिला सगळं कळवलं होतं आणि नवरा बरा होतोय हेही लिहिलं होतं. ती आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. बोचकं मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसली. शिवरामनं खाटेवरून दोनदा हाक मारली. तिनं मान वळवली नाही. तोही मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मला वाटलं, सिस्टर तिला जवळ घेतील, समजावतील. त्यांनी तिच्यापुढे सुपात तांदूळ ठेवले. "एवढे निवडून दे," म्हणाल्या. हौसानं तांदूळ निवडले. मग मिरच्या निवडल्या. दुपारचं जेवणही पायरीवरच झालं. चारच्या सुमाराला सिस्टरांनी शिवरामचा दुसरा, जखम नसलेला पण तसाच बधिर पाय घमेल्यात भिजवला आणि तेलाची बाटली घेऊन त्या एकाएकी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आज मला वाकवत नाही गं," त्या हौसाला म्हणाल्या. "एवढं तेल लावतेस का? पाय ओला आहे तोवरच लावावं लागतं."

हौसानं उंबऱ्यातून आत पाहिलं. पाण्यातून काढलेला पाय फडक्यावर तसाच होता. मग तिनं बोचकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि उंबरा ओलांडला. तेल हातावर घेतलं. पहिल्यांदा नुसतं बोटांच्या टोकांनी लावलं, मग पूर्ण तळव्यानं. चोळता चोळता ती हलक्या आवाजात म्हणाली, "लागतंय का?"

"न्हाई," शिवराम म्हणाला. त्याचा चेहरा अजून भिंतीकडेच होता. "पर कळतंय मला, तू हाईस त्ये."

त्याआधी किंवा त्यानंतर सिस्टरांची कंबर दुखलेली मी कधी पाहिली नाही. पुढे एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "खोटं बोलले खरं. त्याच संध्याकाळी देवाकडे कबूलही केलं."

अशा कामाकडे लोकांचं लक्ष जातंच. एकदा गावातले एक पुढारी येऊन दारात उभे राहिले आणि विचारू लागले, इथं किती जणांना बाटवलं. सिस्टर म्हणाल्या, खाटेवर पडलेल्यांनाच विचारा. त्यांनी विचारलंही. तिथं भिंतीवर शिवरामनं आपल्या जोतिबाची तसबीर लावलेली होती. पुढारी जरा घुटमळले, मग चंद्राबाई झाडू घेऊन अंगणात आली तेव्हा निघाले.

त्यानंतर काही महिन्यांनी चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. चांगल्या मनाचे होते. म्हणाले, पाय धुण्याआधी दोन वचनं वाचली तर किती बरं होईल. सिस्टर म्हणाल्या, "वाचाल तोवर पाणी गार होतं." फोटो काढू दिले नाहीत. त्या गृहस्थांना मात्र एका म्हाताऱ्याचं पट्टी बांधायचं काम दिलं. पुढे ते दर बुधवारी येत राहिले, कॅमेऱ्याशिवाय.

शिवराम बरा झाला. पायातली संवेदना गेली ती गेली, पण रोग थांबला. पोती वाहणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून जवळच्या एका कारखान्यात वॉचमन झाला. हौसा गावाला परत गेलीच नाही. मुलांना इकडे आणलं, आणि सिस्टरांच्या हाताखाली पट्ट्या बांधायला शिकली. दोन-तीन वर्षांत तिचा हात सिस्टरांपेक्षा हलका झाला. हे सिस्टर स्वतःच सगळ्यांना सांगायच्या, आणि तिनं गाठ सैल बांधली की सगळ्यांदेखत रागवायच्याही.

आठ-दहा वर्षं अशी गेली तसा सिस्टरांचा दम कमी होऊ लागला. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. भाच्यानं आखातातून फोन करकरून नेरूळच्या घरी जायला सांगितलं. तोवर सोसायटीतले लोक बदलले होते, कुणी हरकत घेतली नसती. सिस्टर गेल्या नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या खोलीतल्या एका खाटेवर. बाकीच्या दोन खाटांवर दोन रोगी होते, आणि त्या तिसरीवर. हौसा पेज भरवत होती. "मीठ कमी आहे," सिस्टर म्हणाल्या. "डाक्टरनी सांगितलंय कमी," हौसा म्हणाली. "मला माहितीय डॉक्टरांनी काय सांगितलंय," सिस्टर म्हणाल्या आणि तोंड उघडलं. मी जायला निघाले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, त्या गेल्या.

शिरवण्याची ती गल्ली अरुंद. शवपेटीची गाडी आत येईना. चर्चचे पाळक घड्याळ बघत होते, काय करावं कुणाला सुचत नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मार्केटमधले हमाल आले. चाळीस तरी असतील. काम टाकून, अंगावरच्या कपड्यांनी, डोक्याचे फडके हातात घेऊन. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली आणि गाडीपर्यंत न्यायची ती गाडीच्या पुढे नेली. गाडी रिकामीच मागून चालत आली. कब्रस्तानापर्यंत खांदा बदलत बदलत गेले. शिवराम एका बाजूला होता. त्यानं मात्र खांदा बदलू दिला नाही.

मी त्याआधी कधी दफन पाहिलं नव्हतं. पाळकांनी प्रार्थना केली, आणि हमालांनी दोर हातात घेतले. जन्मभर पाठीवरचा माल झटक्यात टाकण्याची सवय असलेली माणसं ती. पाळक म्हणाले, "सावकाश." सांगायची गरज नव्हती. एकेक वीत दोर सोडत त्यांनी पेटी खाली उतरवली, आणि ती तळाला टेकली केव्हा, ते आम्हा कुणाला ऐकू आलं नाही.